गर्भाशयमुखाचा कर्करोग : पहिली खूण कोणती होती?

गर्भाशयमुखाचा, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग २०२२ साली भारतात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना झाला आणि सुमारे ८० हजार जणी त्याने दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. पेशींतील पहिल्या बदलापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात, तरीही आपल्याकडे अनेक जणी डॉक्टरांपर्यंत पोहोचतात त्या रोग पसरल्यावर. ज्यांनी हे स्वतः किंवा घरात अनुभवले आहे, त्यांनी पहिली खूण कोणती होती आणि पुढे काय झाले ते लिहावे. नाव देण्याची आवश्यकता नाही.

मुलगी, सातारा जिल्हा

आईची पाळी बंद होऊन बरीच वर्षे झाली होती आणि एका पावसाळ्यात तिच्या अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागले. शेजारच्या काकूंनी उष्णता झाली असेल म्हणून सब्जा आणि धन्या-जिऱ्याचे पाणी सुचवले. त्याआधी कित्येक महिने दुर्गंधी असलेले पांढरे पाणी जात होते, कंबर धरत होती. परंतु बाईच्या जातीला हे चालायचेच, अशी ती स्वतःची समजूत घालत राहिली. जवळच्या दवाखान्यात तर आतून न तपासताच रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या गेल्या. पाळी बंद झाल्यावर वर्षभराने होणारा रक्तस्राव, मग तो एक डाग का असेना, आतून तपासल्याशिवाय सोडून द्यायचा नसतो, हे पुढे एका डॉक्टरबाईंनी आम्हाला सांगितले.

तुकडा काढून तपासल्यावर कर्करोग निघाला. तो आजूबाजूच्या भागात पसरला असल्यामुळे शस्त्रक्रियेचा मार्ग उरला नव्हता. पाच आठवडे बाहेरून शेक, म्हणजे किरणोपचार, त्याच काळात आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध सलाइनमधून, आणि शेवटी गर्भाशयमुखाशी नळी बसवून आतून शेक, म्हणजे ब्रॅकीथेरपी, असे उपचार झाले. या शेवटच्या टप्प्याला सगळ्या जणी घाबरतात, म्हणून मुद्दाम लिहिते की तो टाळला तर आधीच्या सगळ्या शेकांचा परिणाम अपुरा राहतो. आईच्या सोबतच्या काही जणी रक्त थांबले, बरे वाटू लागले, म्हणून तो न घेताच गावी परतल्या. त्यांची मला अजून काळजी वाटते. आई आता ठरल्या वेळी फेरतपासणीला जाते.

गृहिणी, ठाणे

मला एकही लक्षण नव्हते. एका शिबिरात परिचारिकेने गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावले, मिनिटभर थांबून पाहिले आणि एक पांढरा डाग दिसतो आहे, असे सांगितले. बदललेल्या पेशींचा भाग असा पांढरा दिसतो. पुढे दुर्बिणीतून तपासणी झाली, तुकडा तपासला गेला आणि कर्करोगापूर्वीची शेवटची पायरी असल्याचे कळले. जागेपुरती भूल देऊन तारेच्या कडीने तेवढा भाग काढला आणि त्याच संध्याकाळी मी घरी आले.

उपचारापेक्षा जड गेले ते घरातले प्रश्न. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे कळताच सासूबाई गप्प झाल्या आणि यजमानांच्या चेहऱ्यावर संशय दिसू लागला. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावले की हा विषाणू बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी गाठतो, दहांपैकी नऊ जणांच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो आणि ज्यांच्यात तो टिकून राहतो त्यांनाच पुढे धोका असतो. त्याचे १६ आणि १८ हे दोन प्रकार या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये आढळतात. तो केव्हा आला आणि कोणाकडून आला, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. लग्नाआधी कित्येक वर्षे झालेला संसर्गही आज दिसू शकतो. हे ऐकल्यावर यजमान स्वतःहून म्हणाले, ‘आईला मी समजावतो.’ माझे स्पष्ट मत आहे की वेदनेच्या भीतीपेक्षा या संशयाच्या भीतीने अधिक स्त्रिया तपासणी टाळतात.

पती, कोल्हापूर

संबंधानंतर रक्त दिसत होते आणि पत्नीने ते लाजेपोटी लपवले होते. मला समजताच आम्ही डॉक्टरांकडे गेलो. रोग गर्भाशयमुखापुरताच होता, शस्त्रक्रियेने निभावले. पुरुषांना ही खूण ठाऊक असली पाहिजे.

आई, पुणे

मुलीला तेराव्या वर्षी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूवरची लस दिली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळू लागली आहे; ९ ते १४ वर्षांच्या वयात तिचे दोन डोस सहा महिन्यांच्या अंतराने देतात. आधीच झालेला संसर्ग लसीने जात नाही, म्हणून ती लहान वयात द्यायची, आणि लस घेतली तरी मोठेपणी तपासणी चुकवायची नाही, हे मुलीला आताच सांगून ठेवले आहे.

आशा कार्यकर्ती, धाराशिव जिल्हा

आमच्या जिल्ह्यातील गावांमध्ये १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने मोठा अभ्यास झाला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. ज्या गटाला एकदाच विषाणूची तपासणी करण्याची संधी दिली, त्या गटातील या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. तरीही आज मी घरोघरी जाते तेव्हा पंचेचाळिशीपुढच्या बाया म्हणतात, ‘मुलंबाळं झाली, आता आम्हाला काय दाखवायचंय?’ याच वयाच्या, कमी वयात लग्न आणि पाच-सहा बाळंतपणे झालेल्या बायांना धोका जास्त असतो. म्हणून मी आधी सासूला नेते. सासू जाऊन आली की सून दुसऱ्या दिवशी न सांगता येते. उपकेंद्रात तपासणी तिशीनंतर दर पाच वर्षांनी मोफत होते. पाळी चालू असेल तर तेवढे दिवस सोडून यावे.