हॅकिंग शिकायला आधी कोणतं पुस्तक घेऊ?

राजारामपुरीकर
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शाळा मराठी माध्यमाची. सायबर सिक्युरिटीतच काम करायचं हे पक्कं केलंय. क्लासची फी घरी झेपणारी नाही आणि 'महिन्यात हॅकर व्हा' असल्या जाहिरातींवर विश्वास बसत नाही. एका सिनिअर ताईनं जॉन एरिक्सनचं 'हॅकिंग: द आर्ट ऑफ एक्सप्लॉयटेशन' दिलंय. सी जेमतेम येते, त्यामुळे असेंब्ली (प्रोसेसरच्या अगदी जवळची भाषा) सुरू झाली तिथं अडकले. आधी दुसरं काही वाचू का?

शाहूपुरीवाला
एरिक्सन परत देऊ नकोस, फक्त सहा महिने कपाटात ठेव. आधी क्लिफर्ड स्टॉलचं 'द ककूज एग' वाच. १९८९ चं आहे, तरी मी नागरी सहकारी बँकांच्या कॉम्प्युटर तपासणीच्या कामात नवीन येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात आधी तेच देतो.

स्टॉल मूळचा खगोलशास्त्रज्ञ. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटर वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक निघाला, तो शोधायला त्याला सांगितलं. एवढी रक्कम कुणीही सोडून दिली असती. त्यानं सोडली नाही. बाहेरून येणाऱ्या फोन लाइनींना प्रिंटर जोडले, घुसखोर टाइप करेल ते सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि प्रत्येक गोष्ट वेळेसकट वहीत टिपली. शेवटी माग जर्मनीतल्या मार्कुस हेसपर्यंत गेला. तो माहिती केजीबीला, म्हणजे सोव्हिएत गुप्तचर संस्थेला, विकत होता. पुस्तकातली यंत्रं आता संग्रहालयात गेली, पण लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या नोंदी, कसा वाचायचा, फरक दिसला की कसा धरून ठेवायचा, हे इतकं जिवंत मी दुसरीकडे वाचलेलं नाही. गोष्टीसारखं असल्यानं इंग्रजीही जड जात नाही.

हे कोल्हापुरातल्या पोरांनी वाचावं असं मला का वाटतं ते सांगतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींच्या आसपास रक्कम गेली. बनावट कार्डांवर २८ देशांत पैसे निघाले, आणि आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही निघाले. खात्यात पैसे आहेत का, हे विचारणारा संदेश बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत जाऊच दिला नाही. मध्येच बसवलेल्या खोट्या यंत्रणेनं 'द्या' असं उत्तर दिलं. आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, त्यांत ऊस बिलाचे, दुधाचे पैसे असतात. ते राखायला इथलीच माणसं तयार व्हायला पाहिजेत.

म्हणून दुसरं नाव रॉस अँडरसनचं 'सिक्युरिटी इंजिनिअरिंग'. ठोकळा आहे, सलग वाचू नकोस. बँकिंगचं प्रकरण आधी काढ. जुन्या आवृत्त्या लेखकानंच नेटवर मोफत ठेवल्यात.

बिंदू_चौक
मी कॉलेजात नेटवर्किंग शिकवते. वेबकडे जायचं असेल तर 'द वेब ॲप्लिकेशन हॅकर्स हँडबुक' आहे, पण दुसरी आवृत्ती २०११ ची. त्याचा एक लेखक डॅफिड स्टटार्ड हाच बर्प सूट या वेबसाइट तपासायच्या साधनाचा कर्ता. त्याच्या पोर्टस्विगर कंपनीची वेब सिक्युरिटी अकॅडमी मोफत आहे आणि सरावासकट आहे. पुस्तकापेक्षा तीच धर.

सराव फक्त अशा ठिकाणी किंवा स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनवर (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरवर). कॉलेजच्या साइटवर 'बघू तरी' म्हणूनसुद्धा हात घालू नकोस. आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

राजारामपुरीकर
सर, मॅडम, मनापासून आभार. 'ककूज एग' करवीर नगर वाचन मंदिरात विचारते, नाहीतर जुन्या पुस्तकांत बघते. एक विचारू? सहा महिन्यांनी एरिक्सन उघडलं तर त्यातली उदाहरणं आत्ताच्या लिनक्सवर चालतील का? एक करून बघितलं, प्रोग्राम नुसता बंद पडतो.

शाहूपुरीवाला
जशीच्या तशी चालणार नाहीत. दुसरी आवृत्ती २००८ ची आणि उदाहरणं ३२ बिटची. आताचं लिनक्स मेमरीतले पत्ते दर वेळी बदलतं, स्टॅकवरचा (प्रोग्रामच्या तात्पुरत्या मेमरीतला) कोड चालू देत नाही, आणि कंपायलरही स्टॅकवर पहारा बसवतो. पुस्तकासोबतच्या सीडीची इमेज मिळव आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये तीच चालव. तिथं उदाहरण चाललं की मग आताच्या लिनक्सवर तेच का अडतं ते एकेक संरक्षण बंद करून बघ. तोवर सीमधले पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते ठेवणारे व्हेरिएबल, पक्के कर, रोज थोडे. अडलीस तर कोडसकट इथंच टाक, मी रात्री बघतो.