ड्रॉ पोकर: हातात चार बदाम, 80 च्या पॉटसाठी 20 भरायचे का?

किलवरदुर्री, गिरगाव
गणपतीच्या जागरणाला यंदा तीन पत्तीऐवजी फाइव्ह कार्ड ड्रॉ (पाच पत्ते, नको ते एकदाच बदलायचे) ठरलाय, चिंचोक्यांवर. एक डाव सुटत नाहीये. बदामाचे एक्का, दश्शी, सत्ती, चव्वी आणि सोबत किलवरची तिर्री. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 60, समोरच्याने 20 लावले, बाकी सगळे पॅक. तिर्री टाकून एक पत्ता घ्यायचा, बदाम आला की पाचही बदाम, म्हणजे कलर. नऊ बदाम शिल्लक, गुणिले 4, म्हणजे 36 टक्के. मग डोळे झाकून कॉल, म्हणजे 20 भरायचे ना?

पिसून_वाटा
36 कुठून आले? तो चारचा गुणाकार होल्डेम पोकरचा, फ्लॉपनंतर (मधले पहिले तीन सामायिक पत्ते उघडल्यावर) अजून दोन पत्ते यायचे असतात तेव्हाचा. ड्रॉमध्ये बदली एकदाच. तुम्ही पाच पत्ते पाहिलेत, न पाहिलेले 47, त्यात बदाम 9. म्हणजे 19.1 टक्के.

आता भाव बघा. 80 जिंकायला 20 भरताय, म्हणजे चारास एक. तुमचा पत्ता लागण्याचा भाव 38 ला 9, सव्वाचारास एक. हाच डाव 47 वेळा खेळलात तर 9 वेळा 80 मिळून 720 येतील, 38 वेळा 20 जाऊन 760 जातील. 47 डावांत 40 चिंचोके तोटा, डावाला एकसुद्धा नाही. अगदी काठावर. 60 मध्ये पॅक झालेल्यांचे बूट (डावाच्या सुरुवातीला टाकलेले) धरलेत ना? आणि तुम्ही आधी टाकलेलेही पॉटचेच, ते परत 'माझे' म्हणून मोजायचे नाहीत.

किलवरदुर्री, गिरगाव
धरलेत. पण काही बदाम समोरच्याकडे असतील, काही पॅक झालेल्यांकडे. मग 47 कसे?

पिसून_वाटा
असतील, पण किती ते दिसत नाही. न पाहिलेला पत्ता गड्डीत असो की कुणाच्या हातात, हिशेबाला सारखाच. वाटताना कुणाचा बदाम उघडा पडला तर मात्र 8/46, म्हणजे 17.4. मग पॅक बरा.

चौकटगुलाम
वरचं गणित बरोबर, पण बदलीनंतर दुसरी बेटिंग असते ती त्यात नाही. कलर लागल्यावर सरासरी 5 चिंचोके जादा निघाले तरी कॉल फायद्यात: 9 × 85 = 765. गोम अशी की तुम्ही एकच पत्ता घेतला हे अख्ख्या टेबलाला दिसतं. बेताचा हात असलेला माणूस ते पाहून पॅक करतो, पाचही सुटत नाहीत. जादा देतो तो दोन जोड्या किंवा तीन सारखेवाला.

आणि तिथेच दुसरा धोका. दोन जोड्यांवर एक पत्ता घेणाऱ्याला 4/47, साडेआठ टक्के वेळा फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी, कलरच्या वरचा हात) लागतं. तीन सारख्यांवर दोन घेणारा 10.4 टक्के वेळा फुल हाउस किंवा चार सारख्यांवर जातो. तुमचा कलर लागूनही मार खातो, 19.1 चे साधारण साडेसतरा उरतात. म्हणून समोरचा कमजोर हातावरही पैसे देणारा असेल तर कॉल, आखडता हात असेल तर पॅक.

दोन्ही टोकं उघडी असलेला सिक्वेन्स 8/47, भाव जवळपास पाचास एक. मधलाच पत्ता हवा असेल तर 4/47, पावणेअकरास एक. त्याच्या नादी लागू नका.