लेकीच्या दातांच्या तारा : विम्यात काही बसतं का?

लोकमान्यनगरकर
आम्ही इंदूरचे. लेक १२ वर्षांची, सातवीत. वरचे दात इतके पुढे की ओठ मिटायला जोर लावावा लागतो, खालचा जबडा मागे. मागच्या आठवड्यात ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात-जबडा सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे, नेलं. एक्स-रे झाले, दातांचे साचे घेतले. आधी आठ-नऊ महिने खालचा जबडा पुढे आणणारा, काढता-घालता येणारा ट्विन ब्लॉक, मग तारा. दोन वर्षं, ४६,००० रुपये.

आता रडगाणं. १९ दिवसांपूर्वीच आमची पाच लाखांची फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच) आरोग्य विम्याची पॉलिसी हातात आली. एजंट ह्यांच्या ओळखीचा. मी तीनदा विचारलं होतं, दातांचं काय? "भाभी, दाँत-वाँत सब कवर है." माझ्याच हातचे पोहे खात म्हणाला, वर शेव मागून घेतली. काल हेल्पलाइनवरच्या मुलीने अगदी गोड आवाजात नाही म्हणून सांगितलं. मग रात्री चष्मा लावून सगळी पानं वाचली. दात आहेत हो त्यात, पण अपघातात इजा झाली आणि भरती व्हावं लागलं तर.

जाऊबाई म्हणतात, "चावायला त्रास होतो" असं डॉक्टरांकडून लिहून घे, म्हणजे दिसण्यासाठी केलं असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या एकांनी सुचवलं, पोरगी स्कूटीवरून पडली म्हणा. ते मी करणार नाही. पण चिठ्ठीचा उपयोग होईल का?

निवृत्त_बाबू
ताई, ३१ वर्षं विम्याच्या फायली चाळल्या आहेत. चिठ्ठी चालणार नाही, कारण दोन कुलपं आहेत आणि चिठ्ठी एकालाही लागत नाही. तारांसाठी कोणी भरती होत नाही, खुर्चीत बसून घरी येतात, म्हणजे ओपीडी. साध्या पॉलिसीला २४ तासांची भरती किंवा डे-केअर, म्हणजे भरती होऊन त्याच दिवशी घरी सोडतात तसे उपचार, लागतात. दुसरं, दिसण्यासाठीच्या उपचारांचं कलम वेगळं आणि दातांचं वेगळं. पहिल्यातून सुटलात तरी दुसऱ्यात अडकता. ओपीडीचं जादा कव्हर मिळतं, पण घेण्याआधी त्यातून ऑर्थोडॉन्टिक, म्हणजे तारांचे उपचार, वगळलेत का ते बघा.

स्कूटीवाल्यांना चहासुद्धा देऊ नका. खोटा क्लेम उघडा पडला की पॉलिसीच जाते, आणि उद्या घरात कुणाला खरोखर डेंग्यू झाला की बसा.

एजंटवर राग असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लुकचे असतात. परत केलीत तर थोडी वजावट होऊन प्रीमियम मिळतो. ११ दिवस आहेत, पण मी तुमच्या जागी असतो तर ठेवली असती. भरतीसाठी ती लागणारच, आणि नवी घेतली की प्रतीक्षेचा काळ, ज्यात काही आजारांचे पैसे मिळत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहिलं असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवा. महिनाभरात दाद लागली नाही तर आपल्यासाठी विमा लोकपाल भोपाळला, फी नाही. नुसत्या पोह्यांची साक्ष मात्र टिकत नाही.

सुदामानगरचा_बाप
आमच्या चिरंजीवांचं एमवाय हॉस्पिटलजवळच्या सरकारी डेंटल कॉलेजात केलं. एमडीएस, म्हणजे दातांचं पुढचं शिक्षण, करणारी मुलं करतात, प्रोफेसर बघतात. काम चांगलं, पैसे खाजगीच्या मानाने फारच कमी. पण प्रत्येक फेरीला अर्धा दिवस, शाळा बुडते, आणि मधेच आपला डॉक्टर पास होऊन निघून जातो, मग नवा. आम्हाला अडीच वर्षं लागली. आई-बाप दोघंही नोकरीत असाल तर आधी रजा मोजा.

खाजगीत करणार असाल तर ब्रॅकेट (तार धरणारी दातावरची टिकली) तुटलं तर पैसे वेगळे का, आणि तारा काढल्यावर दात जागेवर ठेवणारा रिटेनर ४६ हजारांत आहे का, हे विचाराच. आमच्याने पावसाळ्यात भुट्टा कणसासकट खाल्ला, दोन ब्रॅकेट हातात. तेव्हापासून सराफ्यातल्या खाऊगल्लीत त्याला फक्त भुट्ट्याचा मऊ कीस. संक्रांतीला तिळाची कडक गजक बंद. रिटेनर लग्नाच्या पंगतीत कागदी रुमालात गुंडाळून ठेवला आणि वाढप्याने पत्रावळीबरोबर उचलला.

दातवाली_ताई
मी दंतवैद्य. विम्याच्या भांडणात वर्ष घालवू नका. ट्विन ब्लॉक जबडा वाढत असतानाच काम करतो. मुलींची वाढ लवकर आटपते. नंतर दात सरळ होतात, पण मागे राहिलेल्या जबड्याला कधी कधी शस्त्रक्रियेशिवाय उपाय उरत नाही. आणि ब्लॉक डब्यात राहिला तर काही उपयोग नाही, तो जवळजवळ दिवसभर तोंडात हवा.

लोकमान्यनगरकर
काका, फोन चाळला. एजंटचे सगळे मेसेज "गुड मॉर्निंग"चे. पॉलिसी ठेवली.

काल डॉक्टरांशी बोलले. १०,००० आत्ता, मग दर महिना १,५०० प्रमाणे २४ महिने. रिटेनर त्यातच आहे, तुटलेल्या ब्रॅकेटचे पैसे वेगळे. सरकारी कॉलेजचा विचार केला, पण ह्यांची नोकरी पीथमपूरला आणि माझी शाळा सकाळची, जमणार नाही. विम्याच्या प्रीमियमवर मिळते त्या आयकर सवलतीत (८०डी) हा खर्च बसत नाही हेही सीएने सांगितलं.

ब्लॉकला रंग निवडता येतो म्हणे. बाईसाहेबांनी जांभळा सांगितलाय. आत चमकी घालता येते का, तेही विचारून झालं. येते.