अमेरिकेतील ग्रामीण काउंट्यांत ज्येष्ठांमधील कर्करोग खरोखरच कमी आहे का?

प्रश्न : अमेरिकेच्या आकडेवारीत ग्रामीण काउंट्यांतील (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) कर्करोगाचा एकूण नोंददर, म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात नव्याने निदान झालेले रुग्ण, शहरी काउंट्यांपेक्षा किंचित कमी दिसतो, मात्र मृत्युदर जास्त आहे. ६५ वर्षांवरील लोकांबाबत याचा अर्थ कसा लावावा?

प्रतिसाद १ : एकूण दरावर विसंबू नये. फुप्फुस, मोठे आतडे आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाचे दर ग्रामीण भागात जास्त आहेत, त्यामागे धूम्रपानाचे अधिक प्रमाण आणि तपासणीची अपुरी सोय ही कारणे आहेत. याउलट स्तन व प्रोस्टेट यांचे दर शहरांत जास्त दिसतात, आणि तिथे तपासणी अधिक होत असल्यामुळे निदानही अधिक होते. म्हणजे कमी नोंद हे नेहमीच कमी आजाराचे लक्षण नसते.

प्रतिसाद २ : वयाचा मुद्दाही आहेच. ग्रामीण काउंट्यांत वृद्धांचे प्रमाण अधिक असल्याने कच्चे दर (रुग्णसंख्या भागिले लोकसंख्या) फसवे ठरतात, म्हणून २००० सालच्या अमेरिकी लोकसंख्येची वयरचना प्रमाण मानून काढलेले, म्हणजे वयातील फरकाचा परिणाम वगळणारे, वयसमायोजित दरच पाहावेत.

प्रश्नकर्ता : मग एकेका काउंटीची तुलना करता येईल?

प्रतिसाद २ : जपून. छोट्या काउंटीत दोन-चार रुग्ण वाढले तरी दर उसळतो. राष्ट्रीय आकडेवारीत १६ पेक्षा कमी रुग्ण असल्यास दर दाखवतही नाहीत. अमेरिकी कृषी विभागाच्या १ (सर्वांत शहरी) ते ९ (सर्वांत ग्रामीण) या ग्रामीण-शहरी संकेतांकांनुसार काउंट्यांचे गट करून अनेक वर्षांची आकडेवारी एकत्र घेणे मला अधिक भरवशाचे वाटते.