‘हितसंबंध’, ‘लिंगभेद’, ‘स्त्रीद्वेष’: गेमच्या परीक्षणांविषयी लिहिताना

चिन्मयी: गेमरगेटवरच्या (२०१४ मध्ये गेमच्या पत्रकारितेवरून पेटलेला ऑनलाइन वाद) मराठी मजकुरात कुणी ‘हितसंबंध’ लिहितं, कुणी ‘हितसंघर्ष’. ‘सेक्सिझम’साठी लिंगभेद योग्य की स्त्रीद्वेष? आणि फुकट मिळालेल्या प्रतीसाठी ‘सौजन्य’ चालेल का?

म. दा.: पहिले दोन वेगळेच ठेवा. परीक्षकाची गेम बनवणाऱ्याशी ओळख असणं हा हितसंबंध. तो उघड केला की पुरतं. त्यामुळे निकाल झुकण्याची शक्यता असेल तर तो हितसंघर्ष. मग परीक्षण दुसऱ्याकडे सोपवायचं. आणि तो कोणाचा, हेही लिहा. २००७ मध्ये परीक्षक जेफ गर्स्टमनने गेमस्पॉट या गेमविषयक साइटवर ‘केन अँड लिंच’ला १० पैकी ६ गुण दिले. त्याच साइटवर त्या गेमच्या जाहिराती झळकत होत्या. त्याला नोकरीवरून काढलं गेलं. इथे हितसंघर्ष संस्थेचा होता, परीक्षकाचा नव्हे.

रेवती: गेमरगेटबद्दल लिहिताना ‘परीक्षणातला गैरव्यवहार’ हा शब्दप्रयोग तर टाळाच. ऑगस्ट २०१४ मध्ये आरोप असा झाला, की गेम बनवणाऱ्या झोई क्विनच्या ‘डिप्रेशन क्वेस्ट’ला वैयक्तिक नात्यामुळे चांगलं परीक्षण मिळालं. पण ज्याच्याशी नातं असल्याचं म्हटलं गेलं, त्या कोटाकू या गेमविषयक साइटच्या पत्रकाराने या गेमचं परीक्षण लिहिलेलंच नव्हतं! म्हणून ‘गैरव्यवहाराचा आरोप आणि त्याआडून झालेला छळ’ असं स्पष्ट लिहावं. कोटाकूने त्यानंतर पॅट्रिऑन या वर्गणी गोळा करणाऱ्या साइटवरून गेम बनवणाऱ्यांना पैसे द्यायला आपल्या लेखकांना मनाई केली, हेही नोंदवा. तो नियम चांगलाच आहे, पण त्यामुळे मूळ आरोप खरा ठरत नाही.

लिंगभेद हा रचनेत आणि वागणुकीत असतो: स्त्री पात्र केवळ सुटका करून घेण्यापुरतं किंवा शोभेपुरतं असणं. समीक्षक अनिता सार्कीझियनची गेममधल्या स्त्री पात्रांवरची, २०१३ मध्ये सुरू झालेली व्हिडिओमालिका मुख्यतः याबद्दल आहे. स्त्रीद्वेष म्हणजे बाईबद्दलचा तिरस्कार. ऑक्टोबर २०१४ मध्ये युटा स्टेट विद्यापीठातल्या तिच्या भाषणाआधी गोळीबाराची धमकी आली. सभागृहात बंदुका आणायला राज्याच्या कायद्यामुळे मनाई करता येत नव्हती, म्हणून तिने भाषण रद्द केलं. याला ‘ट्रोलिंग’ म्हणणं मला मुळीच मान्य नाही. धमकीला धमकीच म्हणा.

म. दा.: २०१३ चं ‘जीटीए ५’चं उदाहरणही जोडा. कॅरोलिन पेटिटने गेमस्पॉटवर १० पैकी ९ गुण दिले आणि खेळातल्या स्त्रीद्वेषावर बोट ठेवलं. तेवढ्यावरून तिला काढून टाका म्हणणाऱ्या अर्जावर २० हजारांहून जास्त सह्या झाल्या. ‘चाहत्यांची नाराजी’ हा शब्द इथे फार सौम्य पडतो.

ओंकार: ‘सौजन्य’ नको. वर्तमानपत्रात ‘छायाचित्र सौजन्य’ वाचायची सवय असल्याने वाचकाला ते स्रोताचं नाव वाटतं, फुकट मिळालेली वस्तू वाटत नाही. सरळ लिहा: ‘प्रत प्रकाशकाने मोफत दिली. पीसीवर मुख्य कथा पूर्ण करून लिहिले.’ पैसे घेतले असतील तर ‘सशुल्क जाहिरात’. ही ओळ गुणांच्या आधी हवी. तळाशी टाकली की कुणी वाचत नाही.

कोणत्या यंत्रावर खेळलं ते का, तर डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ची फक्त पीसी आवृत्ती परीक्षकांना आधी मिळाली होती. जुन्या कन्सोलवरची दुर्दशा ग्राहकांना विकत घेतल्यावर कळली आणि सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढला. ‘एम्बार्गो’ (ठरलेल्या वेळेआधी परीक्षण प्रसिद्ध न करण्याची अट) हा शब्द मात्र तसाच राहू द्या. ‘प्रसिद्धीबंदी’त ठरावीक वेळेपुरती अट हा अर्थ येत नाही.