हर्नियाचं ऑपरेशन: डॉक्टर कसा निवडलात, पद्धत कुठली? सीमाभागातले अनुभव

आमच्या भागात अंतर्गळ, म्हणजे हर्निया, झालेला माणूस लवकर तोंड उघडत नाही. उसाच्या मोळ्या, भाताची पोती उचलणाऱ्याला जांघेत गाठ दिसते, आडवं झालं की आत जाते, मग तो पट्टा बांधून हंगाम काढतो. शेवटी बोलतो तेव्हा प्रश्न ठरलेला: "दुर्बिणीनं करायचं का उघडं?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की करणारा कोण, तो हीच शस्त्रक्रिया नेहमी करतो का, आणि माझ्याच पोटासाठी ही पद्धत का.

म्हणून हा धागा. हर्निया कुठला होता (जांघेतला, बेंबीचा, जुन्या टाक्यातला), डॉक्टरांना काय विचारलंत, त्यांनी काय सांगितलं आणि आज कसं आहे, एवढं जरूर लिहा. तक्रार असेल तर दवाखान्याचं नाव नको. सुरुवात मी करते.

वडगाव, बेळगाव (वडिलांबद्दल)

बाबांची सगळी नोकरी मागावर, उभ्यानं. त्यात जुना दमा आणि हृदयात स्टेंट. पहिल्या ठिकाणी गाठ नीट न बघताच दुर्बिणीच्या पॅकेजचा कागद हातात आला. दुसऱ्या सर्जननी बाबांना उभं करून खोकायला लावलं, दोन्ही बाजू चाचपल्या आणि रात्री लघवीला किती वेळा उठता ते विचारलं. मला तो प्रश्न आधी भलताच वाटला. त्यांनी सांगितलं, प्रोस्टेट वाढलेलं असेल तर कुंथावं लागतं, ऑपरेशननंतर लघवी तुंबूही शकते, म्हणून आधी ते बघू.

मग म्हणाले, "दुर्बिणीला बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते. यांच्या छातीसाठी ती मला नको. जागेवरच भूल देऊन उघडं करू, जाळी बसवू." ही लिचेनस्टाइन पद्धत, अमेरिकेत १९८० च्या दशकात रुळली. स्नायू ओढून शिवायचे नाहीत, कमकुवत जागेवर जाळी ठेवायची, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. मी विचारलं, "स्वतः करणार की शिकाऊ डॉक्टर?" ते रागावले नाहीत. "शिकाऊ असतील, पण मी टेबलाशी उभा असेन." बाबा ऑपरेशनभर त्यांच्याशी मागाबद्दल बोलत होते. जखमेच्या खाली थोडी जागा अजून बधिर आहे. तसं होऊ शकतं हे आधीच सांगितलं होतं, म्हणून कुणी घाबरलं नाही.

खानापूर तालुका, शेतकरी

माझं दोन्हीकडं होतं. सर्जन म्हणाले, दोन्ही बाजू असतील तर दुर्बीण बरी, त्याच तीन छोट्या भोकांतून दोन्हीकडं काम होतं. आतून पोटाच्या पडद्यामागं जाळी ठेवली, एकेक साधारण १५ बाय १० सेंटिमीटरची. आत काही अडचण दिसली तर उघडं करावं लागेल, हे आधी सांगून तशी सही घेतली.

आता सहीचंच सांगतो. फॉर्म कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. सिस्टरला म्हटलं, "अक्का, मराठीत सांगा, मगच सही करतो." तिनं ओळ न ओळ सांगितलं. रोप लावणीच्या आत बरा झालो, पण पोती उचलायला भावालाच लावलं.

*(वडगाव: ही गोष्ट सगळ्यांनी करा. कागदावर काय लिहिलंय ते आपल्या भाषेत ऐकून घेणं हा हट्ट नव्हे, हक्क आहे.)*

निपाणी (आईबद्दल)

आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. जांघेच्या खाली सुपारीएवढी गाठ. जवळच्या दवाखान्यात गाठीवर गोळ्या देऊन परत पाठवलं, बायकांना हर्निया होत नाही असं तोंडावर सांगितलं. मग एका रात्री गाठ दगडासारखी झाली, उलट्या सुरू, पोट फुगलं, वारा सरेना. गाडी करून कोल्हापूर गाठलं. आतड्याचा तुकडा काळा पडला होता, तो कापावा लागला. आई वाचली.

तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हा फीमोरल हर्निया, मांडीकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीशेजारच्या अरुंद वाटेतून येतो. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. वाट अरुंद म्हणून आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका मोठा. असा हर्निया कळला की थांबायचं नसतं. आम्हाला पद्धत निवडायला वेळच मिळाला नाही. बहिणींनो, जांघेतली गाठ लाजून लपवू नका. गाठ आत जाईना, दुखायला लागली, उलटी झाली, तर सकाळ होण्याची वाट बघू नका.

चिकोडी, निवृत्त शिक्षक

मी केलेलं नाही. गाठ छोटी, दुखत नाही, ढकलली की जाते. अमेरिकेत अशाच पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात (२००६) त्रास नसेल तर लक्ष ठेवून थांबणं सुरक्षित दिसलं, अचानक अडकण्याचं प्रमाण फार कमी. थांबलेल्यांपैकी बरेच जण पुढं दुखू लागल्यावर ऑपरेशन करून घेतात, हेही खरं. माझ्या सर्जननीच सांगितलं, घाई नाही, दर वर्षी दाखवा. घाई न करणारा डॉक्टर मला विश्वासाचा वाटला. वरच्या ताईंच्या आईसारख्या गाठीला हे लागू नाही, हे मात्र ध्यानात घ्या.

संकेश्वर

मला शरीरात जाळी नको होती. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांची बिनजाळीची पद्धत आहे, त्यात पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या पडद्याचीच पट्टी कमकुवत जागेवर शिवतात. ती नेहमी करणाऱ्या सर्जनकडं गेलो. सध्या ठणठणीत.

*(वडगाव: २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मोठ्यांच्या जांघेतल्या हर्नियाला जाळीच सुचवतात, आणि बिनजाळीच्या पद्धतींत टोरांटोच्या शाउल्डिस पद्धतीला वर ठेवतात. बिनजाळीचं करायचं तर तेच काम हातात बसलेला सर्जन हवा.)*

गोकाक

ऑपरेशन उत्तम झालं म्हणाले, पण मला वर्ष उलटलं तरी मोटारसायकलवर बसलं की कळ यायची. जिथं केलं तिथं "मनातून काढून टाका" एवढंच उत्तर. मिरजेत दुसऱ्या सर्जननी बोटानं नेमकी जागा शोधली. तिथली नस डिवचली गेलीय म्हणाले, आणि तिथंच सुई दिली. आता पुष्कळ बरं आहे. अशी दीर्घकाळची वेदना हा या शस्त्रक्रियेचा माहीत असलेला त्रास आहे. ऑपरेशनआधी डॉक्टरांना सरळ विचारा: नंतर दुखत राहिलं तर तुम्ही काय करता? ज्याच्याकडं उत्तर आहे त्याच्याकडं जा.

अथणी, तान्ह्या मुलाची आई

थोडक्यात. बाळांना जाळी बसवत नाहीत, उतरलेली पिशवी वर बांधून टाकतात. आम्ही लहान मुलांचे सर्जन शोधले. दुसऱ्या दिवशी बाळ खेळत होतं.

निपाणीहून पुन्हा, खर्चाबद्दल

कर्नाटकचं कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत काय बसतं ते भरती होण्याआधी विचारा. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. कोल्हापूरकडं जाणाऱ्यांनी आपलं गाव यादीत आहे का, हे कागदांसह विचारावं. जाळी आणि ती बसवायच्या टाचण्या बिलात वेगळ्या लावतात का, हेही लिहून घ्या.

उचगाव

माझा हर्निया सिझेरियनच्या टाक्यातला. साखर वाढलेली, वजन जास्त, आणि मिश्री सुटत नव्हती. सर्जननी ऑपरेशनला चक्क नाही म्हटलं. "साखर आटोक्यात आणा, तंबाखू बंद करा, नाहीतर मी शिवेन आणि ते पुन्हा उसवेल." आधी राग आला, दुसरा डॉक्टर बघूया म्हटलं. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, जो पैसे सोडून थांब म्हणतोय त्यालाच धरून राहा. मिश्री सुटली, साखर खाली आली. आता गणपतीनंतरची तारीख दिलीय. दुर्बिणीनं होईल की उघडं, ते सीटी स्कॅनमध्ये भोक किती मोठं दिसतंय त्यावर ठरवणार आहेत. झालं की इथंच लिहीन.