अनुभव धागा : घर आधी सांगतं! वायर, गॅस, ओल आणि वीजबिल

कोथरूड

गेल्या डिसेंबरात आईने लागोपाठ दोन दिवस विचारलं, "खाली कुणी सुकी मासळी भाजतंय का गं?" आमच्या जिन्यात मासळी करणारं कुणी नाही. मला वास येत नव्हता, म्हणून मी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गीझरचं बटण दाबायला गेले तर बोर्ड हाताला गरम लागला. बटण बंद करून प्लग ओढला, तर निघेना. सॉकेटच्या एका भोकाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडलं होतं आणि वास तिथलाच होता.

वायरमनकाकांनी बोर्ड उघडून दाखवला. टर्मिनलचा स्क्रू ढिला पडून वायर नुसती टेकलेली होती. मी विचारलं, मग एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारं बटण) का पडला नाही? ते म्हणाले, "ताई, दोन हजार वॉटचा गीझर नऊएक अँपिअर ओढतो, तेवढेच ओढत होता. एमसीबीला त्यात वावगं काही दिसतच नाही. तापतोय तो ढिला जोड." इमारत १९८८ ची, वायरिंगही तेव्हाचंच. आता गीझरला डीबीपासून (घराच्या मुख्य वीजपेटीपासून) वेगळी, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढून घेतली आहे. दिवाळीच्या साफसफाईत मेन बंद करून गीझर, ओव्हन, एसीच्या बोर्डांचे स्क्रू वायरमनकडून आवळून घ्यायचे, असंही ठरवलंय.

आईला दोन दिवस आधी कळलं होतं, मी ऐकलं नाही. ते मनातून जात नाही, म्हणून हा धागा. तुमच्या घरात काय बिघडलं, आधी काय खूण दिसली होती, मग काय केलंत, ते सविस्तर लिहा. पुण्यातली कितीतरी घरं आता तीस-चाळीस वर्षांची झाली आहेत. एकाचं वाचून दुसऱ्याचं घर वाचेल.

धनकवडी

आमच्याकडे खूण म्हणजे झिणझिण्या. वॉशिंग मशीनला ओला हात लागला की यायच्या. सहा महिने आम्ही पायात रबरी चप्पल घालून मशीन लावत होतो, याची आज भीती वाटते. ड्राय बाल्कनीतला बोर्ड दोन पिनांचा होता, म्हणून मशीन बसवताना कुणीतरी प्लगची तिसरी, जाड पिन कापून टाकली होती. म्हणजे अर्थिंगच नाही.

बोर्ड बदलला, अर्थिंगची वायर आणली आणि डीबीत आरसीसीबी बसवला. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवण्यासाठी आरसीसीबी लागतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही, ३० मिलीअँपिअरचा फरक पडला, तरी तो डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडतो.

पण पुढचं महत्त्वाचं. बसवल्यापासून तो रोज सकाळी पडू लागला. घरच्यांचं म्हणणं, "कटकट आहे, काढून टाका." वायरमनही डायरेक्ट करून द्यायला तयार होता. मी अडून बसलो. एकेक उपकरण बंद करून पाहिलं, तेव्हा गीझर सापडला. आमच्याकडे बोअरचं पाणी मिसळतं. कॉइलवर क्षाराचा बोटभर थर होता, खाली कॉइल फुटलेली. रोज पडून तो हेच सांगत होता. कृपया पडणारा आरसीसीबी काढू नका, तो कशामुळे पडतोय ते शोधा. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून पाहा, दाबल्यावर पडलाच पाहिजे.

सदाशिव पेठ

जुन्या घरात अर्थिंगच नसेल तर आरसीसीबीचा उपयोग होतो का? आमचा वाडा आहे.

धनकवडी

होतो. पण अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच तो पडतो. नसेल तर माणसाचा हात लागून करंट त्याच्या अंगातून जाईल तेव्हा पडेल. म्हणून दोन्ही हवंच.

सदाशिव पेठ

धन्यवाद. आता वाड्याचंच लिहिते. खालची मागची भिंत पांढऱ्या मातीची, दीड हात जाड. तिला दरवर्षी आषाढात ओल यायची, पोपडे पडायचे. सासऱ्यांनी एका वर्षी चांगला जाड सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन पावसाळे भिंत कोरडी दिसली आणि आम्ही निर्धास्त झालो. तिसऱ्या पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं की फडताळाचं दार लागत नाही. भिंतीला पोट आलं होतं.

जुन्या घरांचं काम करणाऱ्या एका गवंड्याने गिलावा ठोकून दाखवला. पोकळ आवाज आला. एक तुकडा काढला तर मागून चिखल निघाला. मातीच्या भिंतीत ओल शिरते आणि एरवी वाळतेही. सिमेंटने तिचं वाळणं बंद केलं. पाणी येत होतं वरच्या पन्हाळीतून, पत्रा सडून धार थेट भिंतीच्या माथ्यावर पडत होती. आधी पन्हाळ बदलली, मग भिंतीला टेकू देऊन तेवढा भाग नव्याने बांधला आणि वर चुन्याचा गिलावा केला. ओल दिसली की रंगारी बोलावण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. आणि वाड्यात राहणाऱ्यांनी दारं-खिडक्या अचानक अडकू लागल्या तर लाकूड फुगलं असेल म्हणून सोडून देऊ नका.

हडपसर

हे लिहायला जड जातंय, पण लिहितो. भाचा शिकायला आमच्याकडे होता. बाथरूममध्ये गॅस गीझर, खिडकीला थंडीमुळे काच लावून घेतलेली. जानेवारीतली सकाळ. पाण्याचा आवाज येत होता, पण बादली सरकवल्याचा, तांब्याचा काहीच आवाज नाही. हिने हाक मारली, उत्तर नाही. दार तोडलं तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला होता, शुद्ध नव्हती. उघड्यावर आणल्यावर आणि पुढे दवाखान्यात ऑक्सिजन दिल्यावर सावरला. आज ठणठणीत आहे.

कोंडलेल्या जागेत गॅस जळत राहिला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरचा गॅस गळला तर वास येतो, कारण तो मुद्दाम घातलेला असतो. हा विषारी वायू मात्र कळतच नाही. आधीच्या आठवड्यात भाचा दोनदा म्हणाला होता की आंघोळ करून आलं की डोकं धरतं. आम्ही म्हणालो, रात्री जागतोस.

गीझर त्याच दिवशी उतरवला. ज्यांच्याकडे आहे त्यांना हात जोडून विनंती : बाथरूमच्या आत ठेवू नका. बाहेर मोकळ्या हवेत बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या.

कर्वेनगर

वाचून काटा आला. बरं झालं लिहिलंत.

माझा अनुभव साधा आहे. पहाटे ओट्यापाशी गॅसचा वास आला. सवयीने हात दिव्याच्या बटणाकडे गेला होता, अर्ध्यात थांबवला. अंधारातच रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, एक्झॉस्टही लावला नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून नुसती वरची झडप उघडून भागत नाही, दार सताड उघडावं लागतं. पाइपलाइनचा गॅस उलट हलका, वर जातो. मग बाहेर जाऊन १९०६ ला फोन केला, हा सिलिंडरच्या गळतीसाठीचा क्रमांक आहे. नारिंगी नळीला शेगडीमागे चीर गेली होती. तिच्यावर छापलेली मुदत संपून वर्ष झालं होतं. सकाळी चहा ठेवाल तेव्हा तुमच्या नळीवरची तारीख वाचा.

सिंहगड रोड

२५ जुलै २०२४ ला आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. मीटर पार्किंगमध्येच, कमरेच्या उंचीवर होते. वॉचमनने पाणी गुडघ्याला लागायच्या आत मेन पाडली, त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. त्याच दिवशी पुण्यात पाण्यात विजेचा धक्का बसून माणसं गेली होती. पाणी ओसरल्यावर काही जणांना लगेच लाइट हवी होती, सेक्रेटरींनी चालू करू दिली नाही. आधी सगळं वाळवलं, वायरमनने मेगर (वायरच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र) लावून वायरिंग तपासलं, मगच वीज आली. आता मीटरची खोली उंचावर घेतली आहे. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय लावून धरा.

वारजे

बिलाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी. आमचं बिल उन्हाळ्यात ३०० युनिटच्या वर जायचं. महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पा बदलतो आणि पुढच्या टप्प्यातलं युनिट महाग पडतं. (सगळ्या युनिटना वरचा दर लागत नाही, फक्त वरच्या युनिटना. बऱ्याच जणांचा इथे गैरसमज असतो.) म्हणजे वाचवलेली युनिटं आधी सर्वात महागड्या टप्प्यातून कमी होतात.

मी एसीच्या मागे होतो, पण हिशेब केल्यावर पंखे निघाले. पाच जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॉटचे, रोज सरासरी बारा तास. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा साधारण ३० वॉट घेतो. दिवसाला २.७ युनिट, महिन्याला ८१ युनिट कमी. एसी २६ वर ठेवून त्याच्या जोडीला पंखा लावतो.

बंगल्यावर ३ किलोवॉटचं सोलरही बसवलं. सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजार अनुदान मिळालं. उन्हाळ्यात दिवसाला बारा युनिटच्या आसपास बनतात, पावसाळ्यात बरीच कमी. पण एक गोष्ट मला बसवल्यावर कळली : लाइट गेली की साधं नेट मीटरिंगचं (उरलेली वीज महावितरणच्या लाइनवर देणारं) सोलरही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीवाली हायब्रिड यंत्रणा लागते, हे विक्रेत्याला आधीच विचारा.

बाणेर

फक्त एकच. मुलं पडू नयेत म्हणून सगळ्या खिडक्यांना आणि गॅलरीला ग्रिल केलं, आणि बाहेर पडायला दार ठेवलंच नाही. शेजारच्या विंगमध्ये जिन्यात धूर कोंडला, तेव्हा ते लक्षात आलं. आता एका ग्रिलला आतून उघडणारं दार करून घेतलंय. किल्ली खिळ्याला, मुलीच्या हाताला येईल अशी.

कोथरूड

सगळं आईला वाचून दाखवलं. हडपसरचं ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्या पोराला माझा आशीर्वाद कळव."

बिबवेवाडी

धनकवडीकरांचं वाचून उठले आणि मशीन पुढे ओढून प्लग पाहिला. तिसरी पिन कापलेली आहे. मशीन बंद करून ठेवलंय, कपडे आज हाताने. वायरमन संध्याकाळी येतोय.